खुर्चीतल्या बाई

मेलेल्या माणसाला श्वास घ्यायचा असेल तर किती खटपट करावी लागते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. श्वास छातीत घ्यायचा नाही, पोटात घ्यायचा, तोही शालीखाली. बोलणाऱ्या नटाचा आवाज चढला की आत घ्यायचा. तो उठून फेऱ्या मारू लागला आणि लोकांच्या माना त्याच्यामागे वळल्या की बाहेर सोडायचा. आवंढा फक्त टाळ्यांत गिळायचा. डोळे नुसते मिटूनही भागत नाही. मिटल्या पापण्यांआडून स्वतःच्या हनुवटीकडे बघत राहायचं, म्हणजे पापण्या फडफडत नाहीत. नाकावर माशी बसली, तर तिलाही नाटकात काम मिळालंय असं समजून बसू द्यायचं. हे काम ती अकरा वर्षं करत होती.

बाकीच्या वेळी ती एका शिंप्याच्या दुकानात काजं करायची आणि बटणं लावायची. लेक चार वर्षांची असताना नवरा गेला. मेला नव्हे, नुसता गेला, दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटून बसला. नाटकाचे कपडे त्याच शिंप्याकडे शिवायला यायचे, आणि एकदा बटणं द्यायला म्हणून ती नाट्यगृहात गेली, तिथं नाटकातल्या बड्या नटाने, ज्यांना सगळे नटवर्य म्हणत, तिला पाहिलं. ‘अगदी हलू नकोस,’ म्हणाले. ती हलली नाही. तेवढ्यावर काम मिळालं. मंडळी तिला खुर्चीतल्या बाई म्हणायची, आणि पुढे पुढे तीही फोन उचलून ‘मी खुर्चीतली बोलतेय’ असंच म्हणू लागली.

आता ते नाटक काय होतं ते सांगायला हवं. फार पूर्वी, दूरदेशी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात काही कवींनी एक भलताच प्रकार लिहायला घेतला होता. कवितेत एकच पुरुष बोलायचा. बोलणं मोठं गोड, खानदानी, समोर बसलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. आणि ऐकता ऐकता ध्यानात यायचं की अरेच्चा, या गृहस्थाने तर बाई मारलीय! नटवर्यांनी कॉलेजात असल्या कविता वाचल्या होत्या. त्याच साच्यावर त्यांनी स्वतः दीड तासाचं स्वगत लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘शांत घर’.

त्यात एक बडा गृहस्थ असतो. त्याला शांतता प्रिय. बायकोला खोड एकच, काम करता करता गुणगुणायची. त्याने तिला समजावलं, दटावलं, आणि एका संध्याकाळी तिच्या तोंडावर उशी दाबली. आता ती शेजारच्या आरामखुर्चीत बसलेली आहे आणि तो पाहुण्यांना, म्हणजे प्रेक्षकांना सांगतोय की माझं हिच्यावर किती प्रेम होतं, आणि घर आता कसं निवांत झालंय. शेवटाकडे तो खुर्चीच्या हातावर बसतो, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतो, गालावरून बोट फिरवतो आणि म्हणतो, ‘आणि बघा, तिची काही तक्रार नव्हती.’

या वाक्याला लोक गारद व्हायचे. बायका पदर, रुमाल, जे असेल ते डोळ्यांना लावायच्या. एकदा पहिल्या रांगेतून एक बाई चक्क म्हणाली, ‘बिचारा! किती जीव होता हो त्याचा.’ जीव होता! तो जिचा गेला ती तिच्यापासून पाच हातांवर बसली होती, त्या बिचारीचं काय? खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण मेलेल्या बाईला राग आला तरी दाखवायचा कुठे? ती पोटात श्वास घेत राहायची.

दीड तासाच्या त्या नाटकात बायकोला एक शब्द नव्हता. ज्या गुणगुणण्यापायी तिचा जीव घेतला, ते सुद्धा नटवर्यच करून दाखवायचे, नाकातून, चिरकं, म्हणजे लोकांना पटावं की हे कानावर येत असेल तर माणसाचं डोकं फिरणारच. वर्तमानपत्रांनी त्यांच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. खुन्याच्या मनाचा तळ गाठणारा नट, वगैरे. तिच्याबद्दल एकदाच छापून आलं होतं, ‘मृत पत्नीच्या भूमिकेत एक महिला’. ते कात्रण तिने कपाटात घातलं आणि चार दिवसांनी फाडून टाकलं.

सात वर्षं झाली आणि नटवर्य विसरू लागले.

आधी एखादा शब्द, मग वाक्य. प्रॉम्प्टर ठेवा म्हणावं तर त्यांचा पापड मोडायचा. मी काय शाळेतला पोर आहे? माइकही लावत नसत. माझा आवाज शेवटच्या रांगेत पोचतो, हा तोरा. आणि पोचायचाही, त्यात खोट नव्हती. पण एके दिवशी खुर्चीच्या हातावर बसले, तिचं डोकं खांद्यावर घेतलं, आणि पुढचं काही आठवेना. तिला त्यांचं सगळं स्वगत पाठ होतं. पाठ नसून करते काय, तिचा एकेक श्वास त्या वाक्यांवर बांधलेला. तिचे ओठ त्यांच्या कानापासून चार बोटांवर होते आणि केस पुढे आल्याने समोरून दिसत नव्हते. तिने हलकेच वाक्य सांगितलं. त्यांनी ते म्हटलं. टाळ्या पडल्या.

त्या दिवशी त्यांनी आभार मानले नाहीत. नुसतं म्हणाले, ‘जमतंय तुला.’ पुढे त्याची रीतच होऊन बसली. खुर्चीच्या पाठीमागून हात घालून तिच्या दंडावर दोनदा टिचकी मारली की तिने ओळ द्यायची. उशीर झाला तर चिमटा. आणि चिमटा म्हणजे लाडाचा नव्हे, नखं रुतवून. डाग घेऊन घरी जायची. लेक विचारायची, ‘हे काय गं झालं?’

‘कपड्यांची पेटी लागली.’

‘दर वेळी तीच पेटी कशी लागते तुला?’

‘जड आहे मेली.’

हे सगळं एकाच माणसाला कळलं होतं. तो म्हणजे लाइटवाले काका. ते वरच्या मचाणावर बसत. तिथून त्यांना बाईंचे हलणारे ओठही दिसत आणि मागून फिरणारा तो हातही. एकदा चहा पिताना ते म्हणाले, ‘बाई, खुन्याला खून केल्याचं तुम्हीच शिकवताय की हो.’ ते गमतीने बोलले. तिने हसल्यासारखं केलं आणि कप धुवायला म्हणून उठून गेली. मोरीशी तिला रडू आलं ते रागाने आलं, कारण नटवर्य हमखास अडत ते त्या एकाच वाक्याला. बाकी काही का विसरेनात, पण दर प्रयोगाला तिला स्वतःच्या तोंडाने, त्यांच्या कानात सांगावं लागायचं, ‘आणि बघा, तिची काही तक्रार नव्हती.’

प्रयोग संपला की कधी कधी प्रेक्षकांशी गप्पा असायच्या. तेव्हाही तिने खुर्चीतच बसून राहायचं, तसंच, मेलेलं. वातावरण टिकतं म्हणे. अशाच एका गप्पांत एक म्हाताऱ्या प्राध्यापिका उभ्या राहिल्या. आवाज थरथरत होता, पण बोलणं खणखणीत. म्हणाल्या, ‘त्या कवींनी हे खुनी आपण त्यांच्यावर भुलावं म्हणून नाही लिहिले. त्यांना पोटभर बोलू दिलं, ते त्यांनी आपल्याच तोंडाने अडकावं म्हणून. ऐकणाऱ्याने त्याची लबाडी पकडायची असते. तुम्ही त्याला जावईबापूंसारखं सजवून बसवलंय. इथे कुणी त्या खुर्चीतल्या मुलीला विचारलं का, तुझं काय म्हणणं?’

नटवर्य हसून म्हणाले, ‘विचारा की. ती उत्तर देत नाही, हीच तर गंमत आहे.’ सगळा हॉल हसला. मिटल्या डोळ्यांनी ती ते हसणं ऐकत राहिली. पापण्या जराही फडफडल्या नाहीत. इतकी वर्षं ती आपल्या रागाला थकवा म्हणत होती, अपुरी झोप म्हणत होती, वय म्हणत होती. तो नुसता राग होता आणि अगदी योग्य जागी होता, हे तिला त्या दुपारी कळलं.

तरी ती खुर्ची सोडून उठली नाही. का, ते सांगायला अवघड नाही. बटणं लावणाऱ्या बाईला कुणी ओळखत नव्हतं, खुर्चीतल्या बाईला निदान मंडळी तरी ओळखत होती. शिवाय मनात कुठेतरी ऐट होतीच, की मी नसले तर हे महाशय तोंडघशी पडतील. असल्या ऐटीवर माणूस बराच काळ मूग गिळून बसू शकतो.

पण चारशेवा प्रयोग जवळ आला आणि नटवर्य एक दिवस शिंप्याच्या दुकानात आले. लेक डबा घेऊन आली होती. वीस वर्षांची, कॉलेजचं शेवटचं वर्ष, आणि नाटकाचं वेड आईच्या दुप्पट. त्यांनी पोरीची हनुवटी दोन बोटांनी उचलून चेहरा उजेडाकडे वळवला. कापड बघावं तसं बघितलं.

‘चेहरा छान स्थिर आहे. चारशेव्या प्रयोगाला मी हिला लोकांसमोर आणतो. पुढचे प्रयोग ही करेल.’

‘आणि मी?’ तिने विचारलं.

‘अगं, मेलेली बायको कोवळी दिसायला हवी. तुझी हनुवटी आता सुटलीय. आणि यात मनाला लावून घेण्यासारखं काय आहे? नुसतं बसायचं तर असतं.’ मग पोरीकडे वळून म्हणाले, ‘तू मात्र माझं सगळं स्वगत पाठ कर हं. शिस्त म्हणून.’

शिस्त म्हणून! तिच्या हातातली सुई बोटात गेली.

घरी दोघींची जुंपली. लेकीला वाटलं, आईला हेवा वाटतोय.

‘तू अकरा वर्षं बसलीसच ना? मग मी बसले तर काय बिघडलं?’

‘तुला नाही जमणार.’

‘का? मुकाट बसायला काय लागतं?’

‘मी सांगतेय ना, नको म्हणून!’

‘अगं, पण कारण सांगशील की नाही? तुझं आपलं नेहमीचं, नको म्हणजे नको. सरांनी तुझं काय वाईट केलंय? कधी काही बोलली आहेस तू त्यांच्याबद्दल?’

बोलली नव्हती. पेटी लागली, पेटी लागली म्हणत आली होती. आता खरं सांगायचं तर तेही सांगावं लागणार, की इतकी वर्षं खोटं बोलले, आणि त्या खुन्याच्या तोंडात शब्द घालणारी मीच. लेक पाय आपटत स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने भांडी विसळण्याच्या आवाजातून तिचं पाठांतर ऐकू येऊ लागलं. दोनदा चुकली, मग बरोबर म्हटलं, स्वच्छ, ठसठशीत, ‘आणि बघा, तिची काही तक्रार नव्हती.’

ती दाराशी उभी राहून ऐकत होती. आपल्या पोटची पोर, हात साबणात, आणि तोंडात ते वाक्य. त्या क्षणी नटवर्य समोर असते तर तिने हातात येईल ते फेकून मारलं असतं. तिला नटवर्यांचा राग आला, हॉलमध्ये रुमाल भिजवणाऱ्या बायकांचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो स्वतःचा. ज्या टिचक्या आणि चिमटे आपण गुपचूप सोसले, ते आता वारशात पोरीला जाणार होते, आणि तिला अडवायला आपल्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता.

चारशेवा प्रयोग दुपारी चारचा होता. हॉल तुडुंब. लेकीसाठी नवा पांढरा झगा शिवून आला होता आणि त्याची अठरा बटणं आईनेच लावली होती. तो घालून पोरगी विंगेत उभी राहिली, खुर्चीपासून जेमतेम तीन पावलांवर. नाटक संपलं की नटवर्य तिला हाताला धरून पुढे आणणार होते. विंगेतून जे दिसतं ते हॉलमधून दिसत नाही. खुर्चीची पाठ दिसते, आणि पाठीमागे असलेला हातही.

प्रयोग रंगला. नटवर्यांनी चिरक्या आवाजात गुणगुणून दाखवलं, लोक हसले. उशीचं सांगितलं, हॉल चिडीचूप झाला. मग ते येऊन खुर्चीच्या हातावर बसले. तिचं डोकं खांद्यावर घेतलं. गालावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘आणि बघा...’

पुढे काही नाही.

दंडावर दोनदा टिचकी पडली. शब्द तिच्या जिभेवर तयार होते, सवयीने ओठ विलगलेही. तिने ते मिटून घेतले. पुन्हा टिचकी. तिने पोटात श्वास घेतला. मग चिमटा आला. अकरा वर्षांत तिने आपलं काम इतकं चोख कधी केलं नव्हतं. तिची पापणी हलली नाही, बोट हललं नाही. मेलेली बाई कशी बसेल, तशी ती बसली होती.

‘बोल,’ ते ओठांतल्या ओठांत म्हणाले.

हॉलला वाटलं, काय हा विराम! कुणीतरी टाळी वाजवायच्या बेतातही होतं. नखं आणखी रुतली. पिरगाळल्यासारखं झालं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते पापण्यांच्या आतच राहिलं. आणि मग नटवर्यांचा धीर सुटला. ज्या आवाजाचा त्यांना गर्व होता, जो माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचायचा, त्याच आवाजात ते तिच्यावर खेकसले, ‘अगं, बोल ना!’

क्षणभर कुणाला काही कळेना. मग गॅलरीतून एक हसला, मग दहा हसले. आणि मधल्या रांगेतून कुणी एक बाई तडकून ओरडली, ‘आता कशी बोलेल ती? तुम्हीच मारलीत ना तिला!’

त्यावर मात्र कुणी हसलं नाही. सहाशे माणसं त्या गोड बोलणाऱ्या गृहस्थाकडे पहिल्यांदाच तो जे होता ते म्हणून बघत होती. घामेजलेला, तोंड उघडं, आणि एक हात बाईच्या पाठीमागे. लाइटवाल्या काकांनी कुणी न सांगता दिवे घालवले.

रंगपटात नटवर्य थैमान घालत होते. मेकपच्या डब्या खाली पडल्या होत्या. ती आरशासमोर बसून केसांतल्या पिना काढत होती. लेक दारात उभी होती, नव्या झग्यात, पांढरीफटक.

‘चारशेव्या प्रयोगाला! मुद्दाम केलंस तू!’ ते ओरडले.

‘हो.’

‘कृतघ्न! बटणं लावत होतीस, मी तुला रंगमंचावर आणलं. काय कमी केलं मी तुला? अकरा वर्षांत एकदा तरी तोंड उघडलंस? कधी काही तक्रार नव्हती तुझी!’

मचाणावरून उतरून आलेले काका दाराशीच थबकले. ‘घ्या,’ ते म्हणाले, ‘आता आठवली सरांना ओळ.’

लेक कुणाकडे न बघता सरळ आईजवळ आली. तिने आईची बाही खांद्यापर्यंत वर सरकवली. नखांच्या चार ताज्या लाल खुणा होत्या, आणि त्यांच्याखाली जुन्या, हिरवट, पिवळट.

‘ही पेटी?’ तिने विचारलं.

आईने होकारार्थी मान हलवली. लेकीने बाही नीट खाली केली. मग तिने आपल्या झग्याची बटणं काढायला सुरुवात केली, वरून खाली, एकेक करून, घाई न करता, आणि ती काढताना नटवर्यांकडे अशी बघत होती की ते दोन पावलं मागे सरले. आतला रोजचा कुडता दिसू लागला. अठरावं बटण सुटल्यावर तिने झगा गोळा करून त्यांच्या हातात कोंबला.

‘तुमचं पाठांतर तुम्ही करा,’ ती म्हणाली. आणि आईकडे वळली. ‘आई, तुझी तक्रार नव्हती काही?’

‘होती.’

बोलायची सवय नसल्याने शब्द घोगरा आला. तिने खाकरून घसा साफ केला. मग खुर्ची फिरवून आरशाकडे पाठ केली आणि पाय ठाम रोवून बसली. नटवर्य दाराकडे निघाले होते, तर म्हणाली, ‘सर, थांबा. तुमचं दीड तासाचं मी चारशे वेळा ऐकलंय. आता मी बोलणार आहे. पहिल्या प्रयोगापासून.’